'आंबेडकर' हे आडनाव कुणी दिले? आणि आपली आडनावे कुणी लिहिली?

एप्रिल जवळ आला की एक संदेश मोबाईलवर फिरू लागतो. 'डॉ. आंबेडकरांना आंबेडकर हे आडनाव त्यांच्या ब्राह्मण शिक्षकाने दिले.' कधी खाली हात जोडलेले चित्र असते, तर कधी सरळ टोमणा असतो, की ज्या नावाचा तुम्ही एवढा जयजयकार करता ते नाव तरी तुमचे आहे का? जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरची आपली पोरे हा संदेश आम्हाला पाठवतात आणि विचारतात, याला उत्तर काय द्यायचे? काही जण चिडून म्हणतात की ही सगळी बनवाबनवी आहे, असा कुणी शिक्षक नव्हताच. काही जण वाचून गप्प बसतात. आम्हाला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. आंबेडकरी माणसाने आधी कागद पाहावा आणि मग बोलावे.

तर कागद काय सांगतो? बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. घराण्याचे कुळनाव सकपाळ. आजोबा मालोजी सकपाळ कंपनी सरकारच्या फौजेत होते, वडील रामजी सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पेन्शनीत निघाल्यावर रामजींनी पोरांना शाळेत घातले ते सकपाळ म्हणून नव्हे, तर गावाच्या नावावरून 'आंबावडेकर' म्हणून. कोकणात गावाला 'कर' लावून आडनाव करणे ही सर्वांची रीत आहे. ब्राह्मण, मराठे, कुणबी, महार, कोकणी मुसलमान, सगळ्यांत 'कर' सापडतात. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. म्हणजे गावाचे नाव लावण्याची चाल नात्यागोत्यातही होतीच.

आता ते शिक्षक. कृष्णाजी केशव आंबेडकर हे साताऱ्याचे गुरुजी. मधल्या सुट्टीत भिवाला घरी धावत जावे लागू नये म्हणून ते आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्याला देत. आंबावडेकर हे आडनाव उच्चारायला लांबलचक वाटले म्हणून त्यांनी शाळेच्या दप्तरात त्याचे 'आंबेडकर' केले. ही आठवण कुणा विरोधकाने रचलेली नाही. ती स्वतः बाबासाहेबांनी सांगितलेली आहे, आणि त्या शिक्षकाविषयी त्यांनी आदरच बाळगला. ज्या काळात त्या मुलाला वर्गात स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते, शिपाई नसला तर पाणी मिळत नव्हते, त्या काळात एका शिक्षकाने भाकरी दिली, ही गोष्ट लहान नाही. ती नाकारण्याची आम्हाला गरज वाटत नाही.

पण भाकरी देणे वेगळे आणि आडनाव 'देणे' वेगळे. आंबावडेकरचे आंबेडकर झाले त्यात मधले एक अक्षर गळले. गाव आंबडवेच राहिले आणि 'कर'ही तसाच राहिला. सकपाळ सोडून गावाचे नाव लावायचे हा मोठा निर्णय होता आणि तो एका महार सुभेदाराने, रामजींनी घेतला होता. गुरुजींनी केले ते संक्षेपाचे काम. व्हॉट्सॲपवाले सगळे श्रेय त्या एका अक्षराला देतात आणि बापाचा निर्णय गाळून टाकतात. हा काही निष्पाप विसर नाही. आपल्या इतिहासात जिथे जिथे आपल्या माणसाने स्वतः काही केले, तिथे तिथे एखादा उदार हात शोधून काढण्याची ही जुनी खोड आहे.

जोतीराव फुल्यांचे उदाहरण घ्या. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पूर्वज पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवू लागले, म्हणून 'फुले' झाले. मग 'फुले हे आडनाव पेशव्यांनी दिले' असा संदेश कुणी फिरवतो का? नाही. कारण तिथे सगळ्यांना कळते की आडनाव त्या घराच्या कष्टातून पडले. हीच समज आंबेडकर या नावापाशी आली की कुठे जाते?

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. शासनाने २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून ठरवला. ती नोंद पाहिली की मधला 'रामजी' ठळक दिसतो. २०१८ साली उत्तर प्रदेश सरकारने कागदोपत्री 'भीमराव रामजी' असे पूर्ण नाव लिहायचा आदेश काढला, तेव्हा 'राम' घुसवला म्हणून तिकडे मोठा गदारोळ झाला. तिथले राजकारण काय होते ते वेगळे, पण मराठी माणसाला त्यात नवल वाटायचे कारण नव्हते. आपल्याकडे बापाचे नाव मध्ये असतेच. आणि हा बाप तर त्या आडनावाचा खरा मूळपुरुष.

इतके झाल्यावर संदेश पाठवणाऱ्याला उत्तर मिळाले, असे समजून थांबता आले असते. पण पोरांना आम्ही उलट विचारतो, 'बाबासाहेबांच्या आडनावाचे राहू द्या, तुमच्या आडनावाचे काय? ते कुठून आले?' तेव्हा गाडी अडते.

आपल्या खानदेशात 'कर' कमी. धुळ्याकडे लळिंगकर असे एखादे आडनाव ऐकू येते, बाकी सोनवणे, अहिरे, तायडे, भालेराव, बिऱ्हाडे, बागूल, सपकाळे, सुरवाडे, शिरसाठ, मोरे, जाधव. त्यातच पानपाटील, अडकमोल अशी आडनावे, की पुण्या-मुंबईत सांगितली तर समोरचा दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्याला आडनाव नको असते, जात हवी असते. 'म्हणजे तुम्ही नेमके कोण?' हा प्रश्न तुम्ही होस्टेलवर, भाड्याची खोली शोधताना, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकला नसेल तर तुम्ही नशीबवान. पाटील, महाजन, चौधरी यांची आडनावे तर खानदेशात अनेक जातींत आहेत, तरी तिथेही 'कोणते पाटील?' हे विचारल्याशिवाय चहा पुढे येत नाही.

या प्रश्नाला कंटाळून आपली काही पोरे दोन वाटा धरतात. पहिली वाट म्हणजे आडनाव लपवणे, बदलणे, नुसते पहिले नाव लावणे. तमिळनाडूत १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातिवाचक उपनावे टाकण्याचा ठराव झाला, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्या ठरावाचे मोल आम्ही मानतो. पण तिथे आपले नाव टाकले ते वरच्यांनीही, चळवळ म्हणून, जाहीरपणे. एकट्याने गुपचूप नाव टाकणे ही त्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि ते किती टिकते हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले.

आणि नाव मोठे झाले तरी काय होते, ते तर आपल्या चाळीसगावात घडले. १९२९ साल. महाडचा सत्याग्रह होऊन गेलेला, बॅरिस्टर आंबेडकर हे नाव मुंबई इलाख्यात दुमदुमत असलेले. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात फिरत होते. धुळे लाईनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची पाहणी करून चाळीसगावला परतले, तर एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यात न्यायला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्याच एका माणसाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, तो हाकला आणि नदीवरच्या फरशीवर अपघात झाला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. त्या टांगेवाल्यांना आंबेडकर हे आडनाव ब्राह्मणाचेही असते याच्याशी काही देणेघेणे नव्हते. 'दिलेले' आडनाव तिथे कुणाच्या कामी आले?

दुसरी वाट याहून फसवी आहे. आडनावातून थोरपण काढायचे. मोरे म्हणजे मौर्य, जाधव म्हणजे यादव, म्हणजे आपण मूळचे राजे, मधे कुणीतरी खाली ढकलले. भाऊबंदांच्या बैठकीत अशा कथा रंगतात, ऐकायला गोडही लागतात. व्युत्पत्ती ही अशी निसरडी गोष्ट आहे की ध्वनी जुळला की माणूस कुठेही पोचतो. बोदवडजवळ शिरसाळा आहे, म्हणून सगळे शिरसाळे तिथलेच, असे बसल्या जागी ठरवता येत नाही, कारण बीड जिल्ह्यात परळीजवळही सिरसाळा आहेच. लळिंगच्या किल्ल्यापाशी लांडोर बंगला आहे आणि लँडॉर नावाचा एक इंग्रज कवीही होऊन गेला. उद्या एखादा महाभाग तो बंगला त्या कवीच्या घराण्याचा ठरवेल, आपण मान डोलावणार का? लांडोर आपल्या रानातली आहे.

बाबासाहेबांनी स्वतः आडनावांचा, कुळांचा पुरावा वापरला होता, हे पोरांना ठाऊक नसते. 'द अनटचेबल्स' हा त्यांचा ग्रंथ १९४८ सालचा. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, असे तेव्हा अनेक पंडित सांगत होते. बाबासाहेबांनी मराठ्यांची कुळे आणि महारांची कुळे शेजारी ठेवली आणि दाखवून दिले की ती एकच आहेत. पंजाबात जाट आणि चांभार यांच्या गोत्रांचेही तसेच. यातून त्यांनी 'आम्ही मूळचे क्षत्रिय' हा निष्कर्ष काढला नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही. आडनाव एक, कुळ एक, आणि तरी एक गावात आणि एक गावकुसाबाहेर, मग हा भेद रक्तातून आलेला नाही, माणसांनी घातलेला आहे. तोच मोरे, तोच जाधव, पण बाबासाहेब त्यातून व्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, आणि आपण त्यातून स्वतःसाठी एक जुनी पगडी शोधतो.

मग खरा शोध कसा घ्यायचा? इथे कष्ट आहेत.

इंग्लंडात एखाद्या चांभाराच्या किंवा शेतमजुराच्या नातवाला आपल्या विचित्र आडनावाचा माग काढायचा असेल तर तो चर्चच्या वह्या उघडतो. १५३८ पासून तिथे प्रत्येक परगण्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम झाला, आणि त्यात गरिबाचेही नाव आले. एकाच आडनावाचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्यांची तिथे १९७९ पासून संस्थासुद्धा आहे. आपल्याकडे चित्पावन घराण्यांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकात एकामागून एक छापले गेले, जाडजूड, वंशवृक्षांसह. ते त्यांनी मेहनतीने केले, त्याबद्दल तक्रार नाही. धुळ्यात तर राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. शब्दांच्या आणि नावांच्या व्युत्पत्तीचा ध्यास घेतलेल्या राजवाड्यांनी याच धुळ्यात शेवटचा श्वास घेतला. तेवढ्या दप्तरांच्या गावात आपल्या एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत मात्र आम्हाला कुठे दिसला नाही.

आपला माग अमेरिकेतल्या काळ्या लोकांसारखा तुटतो. तिथे १८५० आणि १८६० च्या गणनेत गुलामांची वेगळी यादी होती. त्यात मालकाचे नाव, आणि गुलामाचे फक्त वय, लिंग, रंग. नावाने त्यांची सरसकट नोंद झाली ती १८७० साली. म्हणून आजही त्यांचे वंशशोधक १८७० च्या भिंतीवर जाऊन आदळतात. माल्कम एक्सने 'लिटल' हे आडनाव टाकून 'एक्स' लावले ते याच हरवलेल्या नावाची खूण म्हणून.

आपली भिंत कुठे आहे? तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना चौदा, काढून पाहा. खूप ठिकाणी नाव, बापाचे नाव आणि पुढे जात, इतकेच मिळते. भिका वल्द नामा, महार. आडनावाच्या जागी जात. हे फक्त आपल्याच वाट्याला आले असे नाही. कुणबी, भिल्ल, कोळी यांच्याही नोंदी अशा सापडतात. फरक इतकाच की पाटलाकडे वतनाची सनद होती, भाटाच्या वहीत पिढ्या लिहिल्या जात होत्या. आपल्याकडे काय होते?

होते. महारकीचे वतन होते. ज्या वतनाने गावाची बारा महिने फुकट चाकरी करून घेतली, जे मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बिल मांडले, आणि जे शेवटी १९५८ च्या कायद्याने गेले, त्याच वतनाच्या दप्तरात वारसांची नावे पिढीवार लिहिलेली सापडतात. कोणाचा मुलगा कोण, कोणाची तक्षीम किती. ज्या साखळीने बांधले तीच आज पुरावा म्हणून हाती येते. नशिबाची थट्टा म्हणा हवे तर.

आणि हा पुरावा निव्वळ हौसेचा विषय नाही. जात पडताळणीच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येक घराला हे कळते. २००० च्या कायद्यातले कलम ८ सांगते की जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो, शपथपत्रावर वंशावळ लागते. आता बघा काय होते. पणजोबाच्या नोंदीत आडनावच नाही. आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी कानाला ऐकू आले तसे लिहिले. चुलत आजोबा भुसावळला रेल्वेत लागले, तिथल्या इंग्रजी कारकुनाने त्याच आडनावाचे तिसरेच स्पेलिंग केले. बापाच्या दाखल्यावर १९५६ नंतरचे 'बौद्ध'. एका घराची चार आडनावे झाली आणि समितीपुढे मुलगी उभी, प्रवेशाची मुदत संपत आलेली. जी आडनावाची विसंगती घराने केली नाही, ती निस्तरायची मात्र घराने. लिहिणारा हात कधीच आपला नव्हता, आणि चुकीची शिक्षा मात्र नेहमी आपल्याला.

म्हणून आम्ही पोरांना सांगतो, गॅझेटमध्ये आडनाव बदलायला धावण्याआधी दहा वेळा विचार करा. तुमच्या पोटच्या पोरांना तो एक तुटलेला दुवा जन्मभर जोडत बसावा लागेल.

२०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरच्या रेकॉर्ड रूम उघडल्या. मोडी वाचणारे बोलावले, पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. त्या समाजाने मागणी लावून धरली आणि दप्तर हलले. त्याच वह्यांच्या पानांवर आपलेही पणजे आहेत. पाने तीच उलटली, पण आपल्या नोंदीसाठी कुणी बोट थांबवले नाही. आपण तरी कुठे मागणी केली? पुतळा, कमान, रस्त्याचे नाव यांसाठी आपली निवेदने जातात. कोतवाल बुकातल्या अनुसूचित जातींच्या नोंदी स्कॅन करून खुल्या करा, असे एक निवेदन जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना दोन्हीकडच्या संघटनांनी मिळून द्यायला काय हरकत आहे?

शोधताना काही गोष्टी ध्यानात असू द्या. १९०६ च्या आधी खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, म्हणून जुना कागद जळगावात नसला तर धुळ्यात विचारा. नंदुरबार १९९८ चा, त्याचे जुने दप्तर धुळ्याकडचे. मुक्ताईनगर शोधू नका, एदलाबाद शोधा. धरणगावची जुनी नोंद एरंडोलात असेल. शाळेचे जनरल रजिस्टर मागताना आजोबांचे फक्त आडनाव सांगू नका, पहिले नाव आणि बापाचे नाव सांगा, कारण आडनाव तिथे कदाचित नसेलच. फौजेत, रेल्वेत, गिरणीत कुणी होते का ते विचारा, कारण त्या नोकऱ्यांचे कागद गावाच्या कागदांपेक्षा नीट ठेवलेले असतात. आणि आजीला विचारा. माहेरचे आडनाव, तिच्या आईच्या माहेरचे आडनाव. बायांच्या बाजूचा माग कोणत्याच वहीत नाही, तो फक्त तिच्या तोंडी आहे.

१९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले होते तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गेले. त्याची आठवण म्हणून दर ३१ जुलैला तिथे सगळ्या खानदेशातून माणसे जमतात. सोनवणे, अहिरे, बिऱ्हाडे, पानपाटील, सगळी. पुस्तकांच्या, फोटोंच्या, बिल्ल्यांच्या दुकानांशेजारी यंदा एक टेबल टाकून कोऱ्या वहीत आलेल्या प्रत्येकाच्या चार पिढ्या आणि मूळ गाव लिहून घ्यायचे, असे आम्ही ठरवतो आहोत. ज्यांच्याकडे जुना दाखला, पेन्शनचा कागद किंवा वतनाचा उतारा असेल त्यांनी झेरॉक्स घेऊन यावे. मोडी येणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांनाही सोबत आणा. लिहायला हात लागतील, तेव्हा ज्यांचे अक्षर बरे आहे त्यांनी सकाळी लवकर या.